कानामागची गोल जागा

मनगट मुरगळलं धाकटीचं आणि काम वाढलं थोरलीचं.

लॅबच्या ओल्या फरशीवरून पाय घसरला तेव्हा धाकटीने उजवा हात खाली टेकला होता. हाड वाचलं, पण मनगट टम्म सुजलं आणि डॉक्टरांनी पट्टा बांधून हात अजिबात हलवायचा नाही असं बजावलं. बाकी सगळं ती डाव्या हाताने रेटून न्यायची. वेणी मात्र काही केल्या जमेना. केस कमरेच्या खाली जाणारे, दाट, आणि स्वभावाने तिच्यासारखेच हट्टी. दोन्ही हात धड असतानाही ते आवरायला तिला अर्धी सकाळ लागायची. शेवटी ती रोज कंगवा घेऊन एक मजला चढून वर यायला लागली. मोठ्या जावेच्या स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसायची, पाठ तिच्याकडे करायची आणि म्हणायची, "ताई, आजचा हप्ता."

दोघी सख्ख्या जावा. एकाच इमारतीत, वर थोरली आणि तिचा नवरा, मुलं शिकायला बाहेरगावी; खाली धाकटी, तिचा नवरा आणि सासू-सासरे. थोरली आरोग्य केंद्रात नर्स होती, लसीकरणाची खोली तिच्याकडे होती. स्वतःचे केस तिने नोकरी लागली तेव्हाच मानेपर्यंत कापून टाकले होते आणि तेव्हापासून कंगव्याशी तिचा संबंध सकाळी दोन फटकारे मारण्यापुरताच उरला होता. त्यामुळे पहिले काही दिवस धाकटीच्या वेणीचा नुसता दोरखंड झाला. मग हात बसला. थोरलीला ते कामही आवडायला लागलं. गॅसवर चहा उकळत असायचा, धाकटी लॅबमधल्या गमती सांगत असायची, आणि हातात ते जड, गार केस असायचे.

त्या सकाळी थोरलीने डाव्या बाजूचे केस वर उचलले आणि तिचा हात तिथेच थांबला.

कानाच्या मागे, केसांच्या आत, एक गोल जागा होती. मोठ्या बटणाएवढी. तिथे एकही केस नव्हता. खरूज नाही, कोंडा नाही, लाली नाही. तळहातासारखी गुळगुळीत कातडी. इतके केस वरून पडदा धरून असल्यामुळे बाहेरून काही कळायची सोयच नव्हती.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"गुंता आहे," थोरली म्हणाली आणि नसलेला गुंता सोडवत राहिली.

त्या दिवशी तिने वेणी जरा सैल घातली. धाकटी खाली गेल्यावर चहा उतू गेलेला तिच्या लक्षात आला.

*

केंद्रात पोचेपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. धाकटीला काविळीची लस तिने स्वतः टोचली होती.

धाकटीला लॅबमध्ये रक्त गोळा करायची नोकरी लागली, तेव्हाची ही गोष्ट. दिवसभर सुया आणि दुसऱ्यांचं रक्त, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा धोका. लॅबवाल्यांनी लस घ्यायला सांगितलं होतं. धाकटी सुई दुसऱ्याला टोचताना वाघीण, स्वतःला टोचून घेताना मात्र शेळी. उद्या जाते, परवा जाते, असं तिचं चाललं होतं. शेवटी थोरलीनेच तिला दंडाला धरून केंद्रात नेलं. "अगं, काही होत नाही. एक-दोन दिवस दंड ठणकेल, तेवढंच," ती म्हणाली होती. एक डोस झाला, महिन्याने दुसरा झाला. दंड ठणकला आणि थांबला. तिसऱ्याला अजून अवकाश होता.

आणि आता ही गोल जागा.

दुपारची गर्दी ओसरल्यावर ती केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत बसणारे. तिने सगळं सांगितलं. फक्त "माझी जाऊ" असं न म्हणता "एक बाई" असं म्हणाली.

"चाई दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "शरीराचे शिपाई चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर तुटून पडतात. बहुतेकांचे केस परत येतात. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा."

"लसीमुळे होऊ शकतं?"

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"तशा नोंदी आहेत. फार थोड्या. लाखोंनी लोक घेतात, त्यातल्या एखाद्याला पुढे चाई पडते. पण लस न घेतलेल्यांनाही चाई पडतच असते. तेव्हा या बाईंना लसीने झालं की आपसूक झालं, हे छातीठोक कोणीच सांगू शकणार नाही. मी तरी सांगणार नाही."

"मग?"

"मग काय? शंका आली म्हणजे वर कळवायचं. आपण कळवलं तरच वर बसलेल्यांना दिसणार, खरंच कुठे जास्त होतंय का ते. पण सिस्टर, त्याआधी त्या बाईंना सांगा. त्यांच्या डोक्याची गोष्ट आपल्या तोंडून बाहेर जायच्या आधी त्यांच्या कानावर जायला हवी."

थोरली "हो" म्हणाली. दाराशी पोचली तेव्हा डॉक्टर मागून म्हणाले, "तुमची कोण लागते ती?"

"धाकटी जाऊ."

"मग आजच सांगा."

सांगायला काय, तिच्याही जिभेला हाड नव्हतं. पण सांगितल्यावर? धाकटी काय म्हणेल? दीर काय म्हणेल? सासूबाई तर बोलायला एवढंसं निमित्त शोधत असतात. आणि आजूबाजूच्या किती घरांनी केवळ तिच्या शब्दावर पोरांना आणून केंद्रात बसवलं होतं. "सिस्टर म्हणतात ना, मग झालं," असं म्हणणारी माणसं होती ती. त्यांच्यात ही बातमी तिखटमीठ लावून फिरली तर?

*

संध्याकाळी ती खाली गेली ती मनाशी वाक्य जुळवूनच.

पण खालच्या घरात भलताच तमाशा चालला होता. दीर कपडे धुवायच्या यंत्रापुढे उकिडवा बसला होता आणि धाकटी मागे उभी राहून त्याची परीक्षा घेत होती.

"पांढरे कपडे कशावर?"

"या बटणावर. नाही, थांब, या."

"आणि पावडर?"

"ती आधीच टाकलीय."

"कुठे टाकलीत? खोक्यात की थेट कपड्यांवर?"

दिराने वहिनीकडे बघून केविलवाणा चेहरा केला. "वहिनी, सोडवा हो. परवा हिने मला भांड्यांची कपाटं पाठ करायला लावली. काल विजेचं बिल कुठे भरायचं, आईची गोळी कुठली, बाबांची कुठली. आज हे. हात हिचा मुरगळला, शिक्षा मला."

सोफ्यावरून सासरे म्हणाले, "शिक, शिक. मी शिकलो नाही म्हणून जन्मभर बोलणी खाल्ली." सासऱ्यांचं डोकं पंचविशीतच चकाचक झालेलं. छापखान्यात होते तेव्हा त्यांना तिथले लोक 'कोरा कागद' म्हणायचे आणि ते स्वतःच ही गोष्ट कौतुकाने सांगायचे.

सगळे हसले. धाकटीही हसली. पण थोरलीला ते हसू जरा उशिरा आल्यासारखं वाटलं. आणि घरात बसूनही धाकटीने डोक्याला रुमाल बांधलेला होता.

एवढ्या लोकांत विषय काढणं शक्य नव्हतं. जुळवलेलं वाक्य तसंच घेऊन थोरली वर गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटी वेणीला आलीच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. "जमतं आता मला," असा निरोप सासूबाईंकडून आला. पट्टा तर अजून सुटलेला नव्हता. मग मात्र थोरलीला राहवेना. ती कामावर जायच्या आधी खाली उतरली. दीर कामावर गेला होता, सासू-सासरे बागेत फिरायला. धाकटी बाथरूममध्ये होती. दार अर्धवट उघडं होतं. ती जमिनीवर बसून डाव्या हाताने मोरीच्या जाळीत अडकलेले केस ओढून काढत होती आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळत होती. पुडा चांगला जाड झाला होता.

थोरली दाराशीच खाली बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

धाकटीने दचकून मान वळवली, पण पुडा लपवला नाही. "हात मुरगळायच्या आधीपासून. तुम्ही त्या दिवशी पाहिलंत ना कानामागे? तुमचा हात थांबला तेव्हाच मला कळलं. मला वाटलं, तुम्हाला दिसलं म्हणजे आता खरंच झालं."

"काय खरं झालं?"

धाकटीने मान खाली घातली. थोरलीने तिच्या डोक्याचा रुमाल हळूच सोडला. कानामागची जागा पसरली होती. वर टाळूकडे आणखी एक होती आणि मानेवर तिसरी फुटत होती.

"हे बघ, मला तुला एक सांगायचंय," थोरली म्हणाली. मनाशी घोकलेलं वाक्य ऐन वेळी कुठे पळालं कोण जाणे. ती नुसतीच भडाभडा बोलत सुटली. "हे कदाचित मी तुला टोचलेल्या लसीने झालं असेल. नक्की नाही सांगता येत. पण असू शकतं. मी डॉक्टरांना विचारलं. फार क्वचित कोणाला तरी होतं म्हणे असं. मी तुला ओढत नेलं, काही होत नाही म्हणाले. तुला मला बोलायचं असेल ते बोल, मी ऐकून घेईन. पण आज आपण त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं."

धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"लसीने?" तिने विचारलं.

"असू शकतं."

"म्हणजे ते नाही?"

"ते म्हणजे काय?"

धाकटीने पुड्याची घडी घातली, पुन्हा उघडली. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. मी शाळेत होते. मोरीत केस दिसायला लागले, उशीवर केस. मी विचारलं तर कोणी काही बोलेना. मग एक दिवस ती डोक्याला रुमाल बांधून बसलेली, आणि मग मला सांगितलं की तिला आजार आहे. त्यानंतर फार दिवस नव्हती ती."

थोरलीला आता कुठे एकेक गोष्ट उमगायला लागली. कपड्यांचं यंत्र. भांड्यांची कपाटं. आईची गोळी कुठली, बाबांची कुठली.

"वेडे," ती म्हणाली. "अगं वेडे. तू नवऱ्याला संसार शिकवून ठेवत होतीस?"

"यांना काही येत नाही हो ताई. साधा चहा येत नाही. म्हटलं, निदान आई-बाबांचे हाल नकोत."

थोरलीने तिचा मोकळा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "हे बघ. नीट ऐक. कॅन्सरने केस जात नाहीत, त्याच्यावरच्या औषधांनी जातात. तुझ्या आईला आधी आजार झाला होता, मग औषध सुरू झालं, मग केस गेले. तुला मात्र घरच्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. म्हणून तुझ्या डोक्यात क्रम उलटा बसला. तू कुठलं औषध घेतेयस? नाही ना? ताप आहे? वजन उतरलंय? मग? हे दुसरंच काहीतरी आहे. गोल चकती, गुळगुळीत. चाई म्हणतात त्याला. याने माणूस मरत नाही."

"नक्की?"

"मी डॉक्टर नाही. पण एवढं मला नक्की ठाऊक आहे."

धाकटीने एक मोठा श्वास घेतला, तो बाहेर सोडताना मध्येच अडकला आणि त्याचं रडू झालं. ती बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसून हमसून हमसून रडली. रडता रडता मध्येच तिला हसू फुटलं. "आणि तुम्ही घाबरून बसला होता? मला सांगायला? ताई, अहो, मी इथे मरायची तयारी करतेय आणि तुम्ही म्हणताय, लसीमुळे केस गेले असतील. याच्याहून चांगली बातमी मला कोणी दिली नाही या महिन्यात."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. पण डोळेही भरून आले. इतके दिवस एकाच जिन्याच्या वर आणि खाली दोघी आपापली भीती उराशी धरून बसल्या होत्या, आणि मधे फक्त एक मजला होता.

*

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी भिंगातून डोकं पाहिलं, कडेचे दोन केस चिमटीने ओढून पाहिले, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. थायरॉइड वगैरे दुसरं काही कारण नाही ना, हे बघायला. रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलावलं. सगळं ठीक होतं. चाईच होती.

"लसीचं म्हणाल तर," त्या म्हणाल्या, "वेळ जुळतेय. पण नुसती वेळ जुळली म्हणजे कारण सापडलं, असं नाही. हे होणारच असेल आणि नेमकं त्याच सुमारास झालं असेल. किंवा लसीने धक्का दिला असेल. मला माहीत नाही आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही. केंद्राने वर कळवलंय म्हणालात ना? मग झालं. उपचार दोन्ही बाबतींत एकच."

उपचार म्हणजे त्या गोल जागांमध्ये बारीक सुईने औषध भरायचं. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. थोरलीने तिला हात धरायला दिला आणि धाकटीने तो डाव्या हाताने असा आवळला की आता थोरलीच्या मनगटाला पट्टा लागतो की काय असं झालं.

"हलके आहेत हो यांचे हात," सगळं संपल्यावर धाकटी म्हणाली. "पण तुमच्याइतके नाहीत."

"लाडीगोडी नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केस बहुतेक येतील. वेळ लागेल. आधी पांढरी लव येईल, मग काळे होतील. एखादी नवी जागा पडली तर घाबरून जायचं नाही. तिसऱ्या डोसची घाई नको. रक्त तपासून बघू, दोन डोसांनी किती काम झालंय ते. मग ठरवू."

घरात सांगणं मात्र राहिलं होतं. धाकटी म्हणाली, मी सांगते. तिने रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांना बसवलं आणि रुमाल काढला. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"झुरळाने चाटलं असेल झोपेत," त्या म्हणाल्या. "तरी मी म्हणत होते, ओटा पुसून झोपत जा."

"आई, झुरळाने नाही." धाकटीने चाईचं सांगितलं, लसीचंही सांगितलं, आणि हे नक्की नाही, हेही.

दिराचा चेहरा लाल झाला. तो उठून उभा राहिला. "वहिनी, तुम्हीच म्हणाला होता काही होत नाही म्हणून. त्या दिवशी तुम्ही हिला जबरदस्तीने नेलंत."

"म्हणाले होते," थोरली म्हणाली. "तसं म्हणायला नको होतं. बहुतेकांना काही होत नाही, असं म्हणायला हवं होतं."

"आता काय उपयोग त्याचा?"

"बसा खाली," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "त्यांनी मला लस दिली नसती आणि लॅबमध्ये सुई लागून मला कावीळ झाली असती, तर कोणाला बोलला असता? मला? आणि इतके दिवस केस गळत होते ते तुमच्या उशीवर पडत होते. एकाच पलंगावर झोपता. तुम्हाला दिसले?"

दीर बसला. मग हळूच म्हणाला, "दिसले. मला वाटलं माझे आहेत."

यावर सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. "वंशाचा दिवा लागला," ते डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "पोरी, या घरात टकलाचा मान माझा. तो मी असा कोणाला देत नाही. तुझे येतील परत. मला खात्री आहे."

"तुमचे आले का?" सासूबाईंनी विचारलं.

"माझी इच्छाच नव्हती."

धाकटीने स्वतःच्या आईची गोष्ट मात्र चारचौघांत काढली नाही. ती तिने नंतर नवऱ्याला एकट्याला सांगितली असावी. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दीर वर आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, मी काल जरा जास्तच बोललो." थोरली म्हणाली, "आत या, चहा घ्या." तो म्हणाला, "नको, मशीन लावून आलोय," आणि घाईने खाली गेला.

*

पुढचे काही आठवडे खालीवर होत राहिले. एक जागा भरायला लागावी आणि दुसरीकडे नवी पडावी, असं दोनदा झालं. धाकटीने एक दिवस वर येऊन सांगितलं, "ताई, कापा." उरलेले केस लांब असल्याने मधल्या मोकळ्या जागा अधिकच उघड्या पडत होत्या आणि वेणी तर उंदराच्या शेपटीएवढी झाली होती. थोरली म्हणाली, पार्लरमध्ये जाऊ. धाकटी म्हणाली, "नको, तिथे सगळ्याजणी बघत बसतात." मग स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून थोरलीने कात्री चालवली. कान झाकतील एवढे ठेवले. झालं तेव्हा धाकटी आरशात बराच वेळ बघत राहिली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. ते केस तिने लहानपणापासून वाढवलेले होते. ती भांडी घासायला लागली आणि थोरलीने तिला घासू दिली.

केंद्रात थोरलीचं काम नेहमीसारखंच चालू होतं. एक दिवस तान्ह्या मुलीला घेऊन एक आई आली. खुर्चीवर बसण्याआधीच तिने विचारलं, "सिस्टर, काही होणार नाही ना?"

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर थोरली सिरिंज भरता भरता द्यायची. आज तिने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "ताप येऊ शकतो. पाय दुखेल, रडेल. बहुतेक मुलांना याच्याहून जास्त काही होत नाही. फार क्वचित एखाद्याला वेगळं काही होतं. तसं काही दिसलं तर मला येऊन सांग, लपवू नकोस. आणि ज्या आजारासाठी ही लस आहे ना, तो झालेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून मी माझ्या मुलांना दिली."

आई थोडी विचारात पडली. थोरलीला वाटलं, गेली ही. पण तिने मुलीचा लंगोट सैल केला आणि मांडी पुढे केली. "खरं सांगितलंत ते बरं झालं," ती म्हणाली. "मागच्या वेळी सगळे नुसतं काही नाही, काही नाही म्हणत होते. मला जास्तच भीती वाटली."

मुलगी किंचाळली आणि आईच्या खांद्यावर शांत झाली. थोरलीने मोठ्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगितली. ते चष्मा शोधत होते, त्यामुळे त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे.

धाकटीच्या रक्ताचा रिपोर्ट आला तो तिने स्वतःच्याच लॅबमधून आणला. दोन डोसांत पुरेसं संरक्षण तयार झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिसरा थांबवू शकतो, पुढे वाटलं तर घेऊही शकतो, घेतल्यावर पुन्हा चाई पडेलच असं नाही आणि पडणार नाही असंही नाही. निर्णय तुमचा. धाकटी म्हणाली, "डोकं भरू दे एकदा. मग घेईन म्हणते. सुयांमध्येच जन्म काढायचाय मला. टोचायचा मात्र ताईंनीच."

कानामागे पहिली लव दिसली ती सासूबाईंना. त्या चष्मा लावून धाकटीचं डोकं उन्हात धरून बसल्या होत्या आणि एकदम म्हणाल्या, "आलं गं. कोंबडीच्या पिलासारखं आलंय." घरातले सगळे एकेक करून बघून गेले. दिराने बोट लावून पाहिलं. सासऱ्यांनी दुरूनच मान डोलावली. ती लव पांढरीशुभ्र होती आणि इतकी मऊ की हाताला लागेच ना. काही दिवसांनी तिच्यात एकेक काळा केस दिसायला लागला.

हिवाळा संपत आला तेव्हा दोघी डॉक्टरीणबाईंकडे शेवटचं म्हणून गेल्या. त्यांनी भिंग फिरवलं आणि बाजूला ठेवलं. "आता मला तुमचं डोकं बघायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "टाळूची जागा भरायला वेळ घेतेय, पण भरतेय. जा आता, आणि नवीन काही झालं तरच या."

बाहेर वारा सुटला होता. बसथांब्यावर चार-पाच माणसं उभी होती. धाकटीच्या डोक्याचा रुमाल वाऱ्याने सारखा फडफडत होता आणि ती एका हाताने तो धरून होती. मनगट आता पूर्ण बरं झालं होतं. थोड्या वेळाने ती वैतागली, रुमाल सोडला आणि पर्समध्ये कोंबला. केस वाऱ्याने हवे तसे उडायला लागले.

"ताई, मागून दिसतंय का हो?"

थोरलीने मान वाकवून पाहिलं. टाळूवर अजून विरळ होतं. खालची कातडी कळत होती.

"दिसतंय थोडं."

"दिसू दे," धाकटी म्हणाली, आणि बस येतेय का हे बघायला रस्त्याच्या कडेपर्यंत पुढे गेली.